वाऱ्याच्या झोतात हरपलेला तोल

९ ऑगस्ट १८९६, रविवार. बर्लिनच्या वायव्येस असलेल्या श्टोल्न गावाजवळील गोलेनबर्ग टेकडीवरून ओटो लिलिएन्थाल हे जर्मन अभियंते ग्लायडरसह हवेत झेपावले. त्या दिवशीचे आधीचे उड्डाण सुखरूप पार पडले होते. या खेपेस मात्र तापलेल्या जमिनीवरून उठलेल्या हवेच्या झोताने ग्लायडरचे नाक वर उचलले गेले आणि ते हवेतच थबकले. शरीराचा भार पुढे झोकून लिलिएन्थाल यांनी ते सावरण्याची शिकस्त केली, पण व्यर्थ. सुमारे १५ मीटर उंचीवरून ग्लायडर कोसळले. त्यांच्या मानेचा मणका मोडला. दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या रुग्णालयात वयाच्या ४८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पोमेरेनियातील आंक्लाम येथे २३ मे १८४८ रोजी जन्मलेल्या ओटो यांना धाकटा भाऊ गुस्टाव्ह याच्यासह करकोचे न्याहाळण्याचा छंद जडला होता. पुढे बर्लिनमध्ये बॉयलर व वाफेच्या इंजिनांचा कारखाना चालवत असतानाही तो सुटला नाही. सपाट पंखापेक्षा किंचित वक्र पंख अधिक भार पेलतो, हे त्यांनी असंख्य मोजमापांनी सिद्ध केले आणि १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरील ग्रंथात मांडले. नंतर स्वतःच पंख चढवले. १८९१ मध्ये डेरविट्झ येथे जेमतेम २५ मीटरची झेप, तर १८९३ नंतर रिनोवच्या टेकड्यांवरून तब्बल २५० मीटर! लिश्टरफेल्डे येथे तर त्यांनी १५ मीटर उंचीची टेकडीच उभारून घेतली. सुमारे दोन हजार उड्डाणे त्यांच्या नावावर आहेत.

विलोच्या काड्या आणि सुती कापड यांच्या त्या ग्लायडरला सुकाणू नव्हते. हातांच्या आधारे लोंबकळत पाय पुढे-मागे, डावी-उजवीकडे झोकायचे, एवढेच नियंत्रण. उतरतानाही हीच युक्ती. जमीन जवळ आली की पाय पुढे आणि भार मागे नेत नाक उचलायचे, वेग मोडायचा आणि पक्ष्यासारखे उभ्याने टेकायचे. जमिनीलगत जी गोष्ट सुखरूप उतरवी, तीच उंचावर वाऱ्याने घडवून आणली की प्राणघातक ठरे. वेग हरवलेला पंख भार पेलत नाही आणि माणसाच्या देहाचे वजन त्या झोतापुढे तोकडे पडते. धोक्याची जाणीव त्यांना नव्हती असे नाही. आघात झेलण्यासाठी पुढे बसवलेल्या कमानीने एका अपघातात त्यांना वाचवलेही होते.

या मृत्यूच्या वार्तेनेच अमेरिकेतील राइट बंधूंचे लक्ष उड्डाणाकडे वेधले. देहाच्या भाराऐवजी पंखांना पीळ देऊन तोल सांभाळण्याचा मार्ग त्यांनी धरला. २०१६ मध्ये जर्मनीच्या डीएलआर या संशोधन संस्थेने लिलिएन्थाल यांच्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती पवनबोगद्यात तपासली, तेव्हा ते मुळात स्थिर असल्याचे आढळले. दोष पंखात नव्हता, वाऱ्याला उत्तर देण्याच्या साधनात होता.

ऑक्टोबर १९८९ मध्ये पूर्व जर्मनीच्या इंटरफ्लुग कंपनीचे अवाढव्य इल्युशिन-६२ विमान त्याच टेकडीलगतच्या गवताळ, सुमारे ९०० मीटरच्या धावपट्टीवर मुद्दाम उतरवण्यात आले. लिलिएन्थाल यांच्या पत्नीच्या नावावरून त्याला ‘लेडी ॲग्नेस’ म्हणतात. ते पुन्हा कधी उडाले नाही.