डॉ. ताकाशी नागाई : राखेत राहिलेला डॉक्टर

९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बने नागासाकीतील उराकामी हा ख्रिस्ती भाग भस्मसात झाला. तेथील सुमारे १२,००० कॅथोलिकांपैकी जवळजवळ ८,५०० जण मृत्युमुखी पडले. क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. ताकाशी नागाई (१९०८-१९५१) आधीच रक्ताच्या कर्करोगाने आजारी होते. स्वतः जखमी असूनही त्यांनी प्रथम रुग्णांची शुश्रूषा केली. नंतर घराच्या राखेत त्यांना पत्नी मिदोरी यांच्या अस्थी व जपमाळ सापडली.

डॉक्टर उराकामी सोडून गेले नाहीत. त्याच राखेत खोपटे उभारून ते राहिले. त्या वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येला ढिगाऱ्यातून काढलेली प्रभुमंदिराची घंटा पुन्हा निनादली. मृतांचे मरण हे परमेश्वराला वाहिलेले अर्पण आहे, असे डॉक्टर मानीत. ते सर्वांनाच पटले नाही. त्यांची कृती मात्र निर्विवाद होती. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याच्या आज्ञेवरून त्यांनी आपल्या चिमुकल्या घराला 'न्योकोदो' हे नाव दिले. तेथे अंथरुणाला खिळून त्यांनी ग्रंथ लिहिले. त्या मिळकतीतून उराकामीत चेरीची १,००० रोपे लावली गेली व मुलांसाठी वाचनालय उभे राहिले. १ मे १९५१ रोजी ते निवर्तले.

वाचकहो, दुखावलेल्या शहराला सावरण्यासाठी प्रथम कोणीतरी तेथेच थांबावे लागते, हेच आम्हांस या चरित्रातून उमगते.