इंद्रायणीत बुडालेली खतपत्रे

जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव उच्चारताच वीणा, अभंग आणि वैकुंठगमन डोळ्यांसमोर उभे राहते. त्यांच्या दुकानाची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. वास्तविक महाराजांच्या आयुष्याची पहिली बावीस वर्षे एका प्रतिष्ठित सावकाराच्या घरात गेली आणि त्यांतील आठ-नऊ वर्षे तर प्रत्यक्ष देवघेव सांभाळण्यात गेली. व्यापारी समाजाने त्यांच्या चरित्राचा हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे.

महाराजांचा जन्म १६०८ साली देहू येथे झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. घराणे जातीने कुणबी, व्यवसायाने वाणी. घरात शेती, वाणसामानाचे दुकान, सावकारी आणि गावच्या पेठेची महाजनकी होती. वडील बोल्होबा थकल्यावर थोरले बंधू सावजी यांनी प्रपंचात लक्ष घालण्यास नकार दिला आणि वयाच्या तेराव्या वर्षी सर्व भार तुकोबांवर आला. आरंभी त्यांनी तो उत्तम सांभाळला. पुढे आईवडील निवर्तले, भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. प्रथम पत्नी रखुमाबाई यांना दम्याचा विकार असल्याने पुण्याच्या गुळवे घराण्यातील जिजाबाईंशी दुसरा विवाह झालेला होता. लोक त्यांना आवली म्हणत.

अशा वेळी १६३० सालचा पाऊस गेला. गुजरातपासून दख्खनपर्यंत पसरलेला हा दुष्काळ पुढील दोन वर्षे हटला नाही. सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे गेलेल्या परदेशी व्यापाऱ्यांनी वाटेवर पडलेली प्रेते आणि ओस पडलेली गावे यांची वर्णने लिहून ठेवली आहेत. गुजरातेतील विणकर अन्नाविना मेले किंवा देशोधडीला लागले आणि तेथील कापडाचा व्यापार काही वर्षे मोडून पडला. पुणे प्रांतावर तर दुहेरी संकट आले. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून उद्ध्वस्त केले आणि तेथे गाढवाचा नांगर फिरविला, असे इतिहास सांगतो.

त्या काळी कुणबी गाव सोडून जाई, तेव्हा नेमके काय गमावीत असे, हे समजून घेणे आवश्यक आहे. स्वतःच्या गावात तो वडिलोपार्जित जमिनीचा मिरासदार असे. परगावी गेला की तोच ‘उपरी’ ठरे. परागंदा झालेल्या घराण्याची जमीन ‘गतकूळ’ म्हणून नोंदली जाई. मिरासदार परत आला तर त्याचा हक्क सहसा मान्य होई, अगदी पुष्कळ वर्षांनी आला तरीही. परंतु परतणाऱ्याच्या आधी वेशीवर दोन गोष्टी उभ्या असत : सरकारी साऱ्याची थकबाकी आणि सावकाराचे खत. ज्याच्याजवळ बैल नाही, बियाणे नाही, त्याने पहिल्या सुगीचे धान्य कोणाच्या पदरात टाकावे? पोटाला चार दिवस मिळाल्याने माणूस जगतो, हे खरे. पण खत दुसऱ्याच्या पेटीत असेपर्यंत तो आपल्या घरात मोकळेपणी राहू शकत नाही.

दुष्काळाने तुकोबांनाही सोडले नाही. उधारी बुडाली, दुकानाचे दिवाळे निघाले, गावात मान गेला. रखुमाबाई अन्नावाचून मृत्यू पावल्या. पाठोपाठ लहानगा संतोबाही गेला. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोध घेत तेथे पोहोचले आणि त्यांना इंद्रायणीच्या काठी घेऊन आले. परंपरा सांगते की, तेथेच तुकोबांनी घरातील सर्व खतपत्रे मागविली आणि ती नदीत सोडण्याचा विचार बोलून दाखविला. कान्होबांनी आपल्या प्रपंचाची अडचण सांगितली. तेव्हा कागदांचे दोन सारखे वाटे झाले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती सुखरूप देण्यात आला आणि तुकोबांनी केवळ स्वतःचा वाटा डोहात सोडला.

हा वाटणीचा प्रसंग कीर्तनात बहुधा एका वाक्यात उरकला जातो. व्यवहार जाणणाऱ्यास मात्र तेथेच थांबावेसे वाटते. एकत्र कुटुंबातील कर्ता पुरुष भावाच्या हिश्श्यासह सर्वच कागद बुडवू शकला असता आणि लोकांनी त्याचीही थोरवी गाईली असती. परंतु दुसऱ्याच्या मालमत्तेवर आपले औदार्य चालवावयाचे नाही, हा हिशेब त्या दुःखाच्या घडीतही तुकोबांनी चोख ठेवला. दुष्काळात धान्याची कोठारे उघडणारे भद्रेश्वरचे जगडूशाह जैन समाजास परिचितच आहेत. तुकोबांजवळ त्या वेळी कोठार उरलेले नव्हते. उरले होते ते कागदच, आणि बुडालेल्या दुकानदाराच्या दृष्टीने पुन्हा उभे राहण्याचे तेच एकमेव भांडवल होते.

त्या दिवसापासून ज्यांची खते त्या अर्ध्या वाट्यात होती, त्यांच्या दाराशी वसुलीसाठी त्या घरातून कोणी जाण्याचे कारण उरले नाही. कुळांना बोलावून, त्यांच्याकडून उपकाराची कबुली घेऊन हे काम झाले नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे जिजाबाईंनी उसनवारी करून पतीला पुन्हा व्यापारास धाडले. माल विकून नफाही झाला, पण परतीच्या वाटेवर कर्जापायी अडकलेला एक गरीब भेटला आणि सर्व रक्कम त्याच्या सुटकेसाठी खर्ची पडली, अशी कथा चरित्रकार सांगतात. जिजाबाईंच्या संतापाची लोक थट्टा करतात, ती अनुचित होय. घरातील चूल त्यांनाच पेटवावी लागत होती.

प्रांताची घडी बसण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. जिजाऊसाहेब बालशिवाजींसह पुण्यास आल्या आणि दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली ओसाड गावांची पुन्हा लावणी सुरू झाली. पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि पुढे वर्षागणिक थोडी थोडी वाढ, अशी सवलत रयतेस मिळाली. वेशीवरचा सरकारी अडसर असा राज्यकर्त्यांनी सैल केला. सावकारी अडसर देहूच्या वाण्याने, आपल्या वाट्यापुरता, त्याआधीच काढून टाकलेला होता.

याच इंद्रायणीत पुढे अभंगांच्या वह्या बुडविण्याचा प्रसंग आला. त्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या अशी श्रद्धा आहे आणि लाखो वारकरी तो डोह पाहण्यास येतात. खतपत्रे वर आली नाहीत. ती यावीत अशी कोणाची इच्छाही नव्हती.

१६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराजांचे प्रयाण झाले, तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या. नंतर जन्मलेल्या नारायणबुवांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. वडिलांकडून त्यांना वसूल करण्याजोगे एकही खत मिळालेले नव्हते.