नाव नसलेली चित्रे

शिराळ्याच्या आमच्या घरी ओसरीवर एक मोठे छायाचित्र टांगलेले आहे. करडा, शेवाळी, मध्येच गंजासारखा तांबूस रंग पसरलेला. वरची बाजू कोणती हेही कळू नये असा. पुतण्याला वनस्पतींची छायाचित्रे काढण्याचा नाद. चांदोलीच्या वाटेवरच्या एका कातळावर त्याने हे टिपले. येणारा माणूस चहाचा कप हातात धरून त्याच्याकडे बघतो आणि अस्वस्थ होतो. हे दगडफुलाच्या कुळातले काहीतरी, आपण मसाल्यात घालतो त्याचा भाऊबंद, असे सांगितले की त्याचा जीव भांड्यात पडतो आणि तो पावसाविषयी बोलू लागतो. नाव कळले, बघणे संपले! अशा वेळी मला वासुदेव संतू गायतोंडे आठवतात. पाहणाऱ्याला हा दिलासा द्यायचे त्यांनी नाकारले, तेही जन्मभर.

जन्म १९२४ चा, नागपूरचा. घराणे मूळ गोव्याचे, बालपण गिरगावातल्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली ते पदविका घेऊन बाहेर पडले. सुरुवातीच्या चित्रांत माणसे होती, पक्षी होते. जुन्या लघुचित्रांचा आणि पॉल क्ले या स्विस चित्रकाराचा प्रभाव होता. पुढे वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करायला जागा मिळाली. समोर समुद्र. तिथेच रविशंकरांची सतार, अल्काझींचे नाटक आणि हुसेन यांचे कुंचले. एवढ्या गजबजाटात हा माणूस गप्प. हळूहळू चित्रातली माणसे गेली, पक्षी गेले. उरला रंग आणि त्याच्या आत कुठेतरी असलेला उजेड.

१९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री झाली. हे सगळे कोशात सापडते. मला अधिक ओढ आहे ती त्यांच्या कामाच्या रीतीची. ते कुंचल्यापेक्षा रोलर आणि रंगाची सुरी वापरत. एक थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, खरवडायचा, पुन्हा पातळ थर. कागदाचे फाटके तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, म्हणजे उरतो तो ठसा. वर्षाकाठी कॅनव्हास व्हायचे जेमतेम पाच-सहा. बाकीचा वेळ ते बसून असत. कातळावरचे दगडफूलही वर्षाला एखाद-दोन मिलिमीटरच वाढते.

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब कसा पटावा? कर्जाच्या अर्जावर असा व्यवसाय लिहून आला असता तर उत्पादनक्षमता अपुरी असा शेरा मारून मी कागद परत केला असता. मात्र २०१३ साली त्यांचे एक चित्र मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लाखांना गेले आणि २०२५ मध्ये १९७० सालचे एक ६७ कोटींच्या वर. आकडे वाचून आमची निवृत्त मंडळी हळहळली. हळहळ चित्र पाहिले नाही याची नव्हती, घेऊन ठेवले नाही याची होती. मीही त्यातलाच.

१९७२ मध्ये ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमध्ये लहानशा जागेत एकटे राहिले. झेन विचार, कृष्णमूर्ती, निसर्गदत्त महाराज ही त्यांची सोबत. १९८४ साली रस्त्यावर अपघात झाला. मोठे कॅनव्हास सुटले. मग कागदावर शाईची लहान रेखाटने आली, १९८९ च्या सुमारास पुन्हा तैलरंग. शेवटची वर्षे जवळजवळ हात न चालवताच गेली. १० ऑगस्ट २००१ रोजी ते वारले. त्यानंतर तेरा वर्षांनी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. मराठीत ‘चिन्ह’ने सतीश नाईक यांच्या संपादनाखाली २०१६ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. तो वाचताना मी कितीदा तरी थांबलो, कारण मधल्या एका वर्षाशी माझाही संबंध होता.

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात प्रशिक्षणासाठी मी दिल्लीला होतो. रविवारी इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलो. तिथे गायतोंड्यांचे एक चित्र होते. आपला मराठी माणूस म्हणून थांबलो, आधी खालची पट्टी वाचली. चित्रकाराचे नाव होते, चित्राचे नव्हते. मिनिटभर उभा राहिलो असेन. मग पुढच्या दालनात गेलो, आणि तिथून जनपथवर स्वेटर घ्यायला. निजामुद्दीन तिथून दोन-तीन मैलांवर आणि ते तेव्हा तिथेच राहत होते, हे मला ठाऊक नव्हते. ती पट्टी अजून डोळ्यांसमोर आहे. चित्राचा रंग कोणता होता, ते मात्र काही केल्या आठवत नाही.