उन्हाळ्यातील हायड्रिला आणि जगदीशचंद्र बोस

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये झाला. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भारतीय प्राध्यापकांना युरोपीयांहून कमी वेतन मिळे. निषेध म्हणून त्यांनी तीन वर्षे वेतनच स्वीकारले नाही. बिनतारी लहरींवरील संशोधनानंतर ते वनस्पतींकडे वळले आणि १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस संस्था स्थापन केली.

हायड्रिला या पाणवनस्पतीतून निघणाऱ्या प्राणवायूच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारे यंत्र त्यांनी घडवले. हिवाळ्यातील आणि उन्हाळ्यातील हायड्रिलाचे प्रकाशसंश्लेषण सारखे नसते, हे त्यांना आढळले. पाणी तापले की त्यात कार्बन डायऑक्साइड कमी विरघळतो; तरीही उन्हाळ्यातील वनस्पती स्वतःतील मॅलिक आम्लाच्या आधारे अन्ननिर्मिती चालू ठेवते, असा निष्कर्ष त्यांनी १९२४ च्या ग्रंथात मांडला. तत्कालीन ज्ञानाच्या चौकटीत तो बसत नव्हता. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे बोस यांचे निधन झाले. उष्णता आणि कार्बनटंचाई यांच्या ताणाखाली हायड्रिला सी-४ प्रकारच्या प्रकाशसंश्लेषणाकडे वळते, हे त्यानंतर काही दशकांनी सिद्ध झाले.