परिचारकांचे आश्रयदाते संत कामिलस दे लेलिस

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी स्मरणिकेत देऊळ उभारणाऱ्यांची, शाळा चालविणाऱ्यांची व खेडोपाडी पायपीट करून सुवार्ता सांगणाऱ्यांची आठवण होणे यथायोग्यच आहे. परंतु आपल्या छत्रपती संभाजीनगरातील ख्रिस्ती घरांतून आणखी एक सेवा घडत आली आहे व तिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. ती सेवा म्हणजे आजाऱ्यांची शुश्रूषा. घाटीच्या मोठ्या इस्पितळात म्हणा, गल्लीतल्या चार खाटांच्या दवाखान्यात म्हणा, आपल्या लेकीसुना, आणि हल्ली मुलगेही, रात्र रात्र उभे राहून हे काम करीत असतात; आणि पाळी संपताच तसेच रविवारच्या मिस्सेस येऊन बसतात. प्रवचनाच्या वेळी त्यांच्यापैकी कोणाचा डोळा लागला, तर ज्याने त्याने तिकडे कानाडोळा करावा. या मंडळींचा स्वर्गात एक खास कैवारी आहे. १९३० साली परमगुरू अकरावे पायस यांनी त्यांस परिचारकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले. त्यांचे चरित्र आपल्यांत फारसे कोणास ठाऊक नाही, यास्तव ते येथे सादर केले आहे.

कामिलस दे लेलिस याचा जन्म २५ मे १५५० रोजी इटालीतील बुक्कियानिको या गावी झाला. त्या समयी संत फ्रान्सिस झेवियर जपानात सुवार्ता सांगत होते. आईचे वय बरेच उतरले असता हे मूल पोटी आले. बाळंतपणापूर्वी तिला स्वप्न पडले, अशी परंपरागत कथा आहे: छातीवर तांबडा क्रूस धारण केलेला एक मुलगा पुढे चालला आहे व त्याच्यामागे तशाच चिन्हाची पुष्कळ मुले चालली आहेत. आपल्या पोटी दरोडेखोरांचा म्होरक्या येणार, असे समजून ती माउली घाबरली. स्वप्नाचा खरा अर्थ पाहण्यास ती उरली नाही. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असतानाच ती देवाघरी गेली. बाप शिपाईगिरी करणारा. त्याचा मुक्काम घरी थोडा व छावणीत फार. मुलाने त्याचेच वळण उचलले. अंगापिंडाने तो साडेसहा फूट उंच, रागाने तापट, आणि जुगाराचे व्यसन तर असे की फासे दिसले की भान हरपावे. विशी उलटण्यापूर्वीच तो बापाबरोबर लढाईवर निघाला. वाटेतच बाप वारला व कामिलस पोरका झाला.

याच सुमारास त्याच्या एका पायास जखम झाली. दिसावयास ती किरकोळ होती; परंतु चिघळली, आणि पुढे शेचाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, ती भरून आली नाही. वाचकांनी ही जखम ध्यानात ठेवावी, कारण देवाने या माणसाला सारा रस्ता त्या पायानेच दाखविला.

१५७१ साली तो रोम शहरी असाध्य रोग्यांसाठी असलेल्या संत याकोबाच्या इस्पितळात दाखल झाला. जवळ पैसा नव्हता, म्हणून उपचाराच्या मोबदल्यात तेथेच चाकरी पत्करली. पण काम टाकून पत्ते खेळणे व सोबत्यांशी भांडणे यांपलीकडे त्याची मजल गेली नाही. काही महिन्यांनी व्यवस्थापकांनी त्यास काढून टाकले. पुढे ज्या इस्पितळाचा कारभार याच्या हाती यावयाचा होता, तेथून त्याची पहिली पाठवणी ही अशी झाली!

पुन्हा शिपाईगिरी. तुर्कांशी चाललेल्या युद्धात तो व्हेनिसच्या बाजूने लढला. १५७४ साली पलटण मोडली आणि नेपल्स शहरात जुगारात होते नव्हते ते सर्व गेले. अंगातला सदरासुद्धा राहिला नाही. मांफ्रेदोनिया गावी देवळाच्या दारात हात पसरून उभे राहण्याची पाळी आली. तेथे कापुचिन मठाचे बांधकाम चालले होते. तेथे त्याला मजुरी मिळाली. गाढवांवर लादून सामान आणावयाचे. एके दिवशी अशाच कामासाठी तो सान जोव्हान्नी रोतोंदो येथे गेला असता तेथील मठाधिकाऱ्यांनी त्यास बाजूला घेऊन आत्म्याच्या तारणाविषयी दोन शब्द सांगितले. (पाद्रे पियो यांचे नाव आपल्यांत घरोघरी आहे, त्यांचे वास्तव्य पुढे याच गावी झाले व १९५६ साली त्यांनी तेथेच दुःखितांसाठी मोठे इस्पितळ उघडले.) दुसरा दिवस २ फेब्रुवारी १५७५, प्रभूच्या समर्पणाचा सण. परतीच्या वाटेवर त्या शब्दांनी कामिलसचे काळीज फाटले. जनावरावरून उतरून तो वाटेतच गुडघे टेकून ढसाढसा रडला. त्या दिवसानंतर त्याने मागे वळून पाहिले नाही.

येथवर आम्ही त्याला एकेरी संबोधिले. येथून पुढे लेखणी तसे करावयास धजत नाही.

कामिलस यांनी कापुचिन संघात प्रवेश मागितला. प्रवेश मिळालाही; परंतु खरखरीत झगा घासून पायाची जखम पुन्हा उघडली व त्यांस परत जावे लागले. बरे वाटताच ते पुन्हा मठात गेले, जखम पुन्हा उघडली, पुन्हा निरोप. दोन्ही वेळा रोमचे तेच इस्पितळ त्यांचा आसरा झाले. जे दार आपल्यापुढे बंद होते, त्यावर आपण डोके आपटीत बसतो. कामिलस यांनी कालांतराने ओळखले की, देव आपणांस मठाकडे नव्हे, खाटांकडे ढकलीत आहे. ते रोग्यांची सेवा करू लागले, आणि पूर्वीचा हा हाकललेला चाकर त्याच इस्पितळाचा कारभारी झाला.

त्या काळच्या इस्पितळांची स्थिती कशी होती, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या कार्याची थोरवी कळणार नाही. शुश्रूषा हा प्रतिष्ठेचा व्यवसाय नव्हता. ज्यांना दुसरे काम मिळत नसे, असे भाडोत्री लोक तेथे ठेवीत. वेतन थोडे, दुर्गंधी असह्य, संसर्गाचे भय अहोरात्र. मग मन लावून काम कोण करणार? रोगी घाणीत पडून राहत, अन्नपाणी वेळेवर मिळत नसे, मरणोन्मुखास उपासनेचा आधारही लाभत नसे. कित्येकांस प्राण जाण्यापूर्वीच मृत समजून उचलून नेत. कामिलस यांनी हे सर्व खाटेवर पडून पाहिले होते व खाटेपाशी उभे राहूनही पाहिले होते. भाडोत्री सेवकांस दोष देणे सोपे होते, कारण ते स्वतः एकेकाळी तसलेच सेवक होते; पण त्यांनी निदान वेगळे केले. पोटासाठी आलेल्या माणसाकडून हे काम पुरते होणार नाही, प्रेमासाठी येणारी माणसे मिळविली पाहिजेत, हा विचार ऑगस्ट १५८२ मध्ये, मरीयामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या सुमारास, त्यांच्या मनात उभा राहिला.

व्यवस्थापकांस हा बेत मानवला नाही. त्यांनी सोबत्यांची प्रार्थनेची खोलीदेखील बंद केली. कामिलस खचले, तेव्हा क्रूसावरील प्रभूने आपले हात सोडवून त्यांस धीर दिला, हे कार्य माझे आहे असे कळविले, अशी त्यांच्या संघाची परंपरा आहे. त्यांचे पापनिवेदन ऐकणारे गुरू साक्षात संत फिलिप नेरी. पण इस्पितळ सोडून स्वतंत्र संघ काढण्याचा विचार त्यांनाही पटला नाही व त्यांनी कामिलस यांचे मार्गदर्शन सोडले. दोघेही संत, आणि तरी मतभेद! धर्मग्रामाच्या सभांत ज्यांचे एकमत होत नाही, त्यांनी यावरून निराश होऊ नये.

धर्मगुरू झाल्याशिवाय मरणोन्मुखांस साक्रामेंते देता येणार नाहीत, म्हणून बत्तीस वर्षांचा हा धिप्पाड, लंगडणारा शिपाई येशूसंघीयांच्या रोममधील विद्यालयात पोरांच्या बाकावर लॅटिन शिकावयास बसला. हा विद्यार्थी फार उशिरा आला म्हणून मुले थट्टा करीत. ते शांतपणे घोकीत बसत. १५८४ साली बिशप गोल्डवेल यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. हे बिशप कॅथोलिक श्रद्धेपायी इंग्लंडातून परागंदा झालेले होते. मग कामिलस व त्यांचे सोबती रोज पवित्र आत्म्याच्या मोठ्या इस्पितळात जाऊ लागले. १८ मार्च १५८६ रोजी परमगुरू पाचवे सिक्स्तस यांनी या मंडळास मान्यता दिली आणि त्याच वर्षी जूनमध्ये काळ्या झग्यावर छातीपाशी तांबडा क्रूस लावण्याची परवानगी मिळाली. बुक्कियानिकोच्या त्या माउलीचे स्वप्न येणेप्रमाणे खरे ठरले. आजच्या रेडक्रॉस संस्थेचे चिन्ह याच क्रूसावरून घेतले, असे काही ठिकाणी सांगतात. ते बरोबर नाही. ते चिन्ह १८६४ साली स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे करून ठरविले गेले. संतांची थोरवी वाढविण्यासाठी इतिहास वाकविण्याचे कारण नाही.

त्यांनी घालून दिलेली शिस्त पाहता आश्चर्य वाटते. खोलीत मोकळी हवा खेळावी, ज्या त्या रोग्यास मानवेल तसे अन्न द्यावे, संसर्गजन्य आजाराच्या रोग्यांस वेगळे ठेवावे. श्वास थांबला असे वाटताच तोंडावर कापड ओढू नये. पाव तासपर्यंत थांबून प्रार्थना चालू ठेवावी. एकुलत्या आजारी लेकराजवळ आई जशी बसते, तशा मायेने रोग्याजवळ बसावे, हे तर त्यांच्या नियमांचे मर्मच होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात गेल्या, त्याच्या अडीचशेहून अधिक वर्षे अगोदरची ही गोष्ट आहे.

पुढे नेपल्सच्या बंदराबाहेर साथीने पछाडलेली जहाजे अडकून पडली. त्यांस किनाऱ्यास लागू देत नव्हते. कामिलस यांचे सोबती त्या जहाजांवर चढले व दोघांनी तेथे प्राण दिले. १५९१ साली या मंडळास पूर्ण संघाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून या संघाचे बंधू आज्ञापालन, ब्रह्मचर्य व दारिद्र्य यांखेरीज चौथे व्रत घेतात: जीव धोक्यात आला तरी रोग्यास सोडावयाचे नाही. १५९५ साली व पुन्हा १६०१ साली ते हंगेरी व क्रोएशियाकडील रणभूमीवर गेले. १५९८ च्या नाताळच्या दिवसांत तैबर नदीस महापूर आला, तेव्हा पवित्र आत्म्याच्या इस्पितळातील रोग्यांस खुद्द कामिलस यांनी खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर पोहोचविले. पायाची जखम तेव्हा तीस वर्षांची झाली होती.

आता एका नाजूक प्रकरणाविषयी लिहिले पाहिजे. १५९४ साली मिलान येथील मोठ्या इस्पितळाची संपूर्ण सेवा कामिलस यांनी मंडळाशी विचारविनिमय न करताच स्वीकारली. केवळ मरणोन्मुखांस धीर देणे नव्हे, तर झाडणे, धुणे, भरविणे, रात्रंदिवस जागणे, सर्व काही. सोबत्यांत मोठी कुरबुर झाली. माणसे थोडी, काम अपार, डोक्यावर कर्ज, आणि बंधू आजारी पडत होते. हा वाद वर्षानुवर्षे चालला व अखेर इस्पितळांची सेवा ठरावीक मर्यादा घालून घ्यावी, असे ठरले. चरित्रकार सहसा कामिलस यांची बाजू घेतात. आम्हास नम्रपणे असे वाटते की, सोबत्यांचे म्हणणे आळसाचे नव्हते. थकलेल्या हाताकडून औषध चुकते. कामिलस स्वतः जखमेवर पट्टी बांधून दिवसरात्र राबत. पण एका असामान्य पुरुषाचे बळ हे सर्वांसाठी माप होऊ शकत नाही. पाचव्या आज्ञेत स्वतःच्या देहाची राखणही येते. आपल्या परिचारिका घरी येऊन पुन्हा चूल, मुले व सासरची म्हातारी माणसे सांभाळतात, आणि स्वतःच्या छातीत दुखले तर ते कोणास सांगत नाहीत. २०२० व २०२१ च्या कोरोना साथीत त्यांपैकी कित्येकींनी आठवडेच्या आठवडे आपल्या लेकरांस दुरूनच पाहिले. अशा बाईने आपली तपासणी वेळेवर करून घेतली, रजा मागितली, किंवा पाळ्या माणुसकीच्या असाव्यात म्हणून तोंड उघडले, तर संत कामिलस रागावतील असे आम्हास मुळीच वाटत नाही. घरातील पुरुषमंडळींनी चहाचे भांडे आपण होऊन चुलीवर ठेवले, तरी ते प्रसन्न होतील.

मुख्याधिकारपद त्यांनी १६०७ साली आपण होऊन सोडले व ते पुन्हा साधे रुग्णसेवक झाले. १६१० साली आपल्याकडे मलिक अंबराने खडकी येथे नगर वसविले, म्हणजे आपल्या या शहराचा पाया घातला. त्या सुमारास रोममध्ये हा वृद्ध धर्मगुरू भिंतीचा आधार घेत रात्री खाटेखाटेशी फिरत होता. पायाची जखम होतीच. अडतीस वर्षांचा अंतर्गळ, तळपायास दोन घट्टे, मूत्रपिंडाच्या कळा, आणि शेवटी पोटात अन्न ठरेना. या पाचही व्याधींस ते देवाची कृपा म्हणत. कोणी शुश्रूषेस जवळ बसले, तर त्यास दुसऱ्या रोग्याकडे पिटाळीत. उभे राहवेना तेव्हा रांगत जाऊन कोणास काही हवे काय, हे पाहून येत.

१४ जुलै १६१४ रोजी रोम येथे, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, अंत्य साक्रामेंते घेऊन व दोन्ही हात क्रूसासारखे पसरून त्यांनी प्राण सोडला. १७४६ साली परमगुरू चौदावे बेनेडिक्ट यांनी त्यांस संतपद दिले. १८८६ साली परमगुरू तेरावे लिओ यांनी त्यांस, संत योहान ऑफ गॉड यांच्यासह, रोग्यांचे व इस्पितळांचे आश्रयदाते ठरविले. त्यांच्या संघाचे बंधू आज आपल्या भारतातही रोग्यांची सेवा करीत आहेत. रोममधील संत माग्दालेनेच्या देवळात त्यांचा देह ठेविला आहे.