जहाज जळालं, नमुने गेले, तरी वॉलेस खचले नाहीत

आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधल्या उस्क गावाजवळ झाला. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे १४व्या वर्षीच शाळा सुटली. थोरल्या भावाच्या हाताखाली ते जमीन मोजणीला लागले. रानोमाळ फिरताना झाडं, किडे ओळखायचा नाद लागला.

१८४८ मध्ये ते ॲमेझॉनच्या जंगलात गेले. किडे, पक्षी गोळा करून विकायचे, त्यावरच पोट. १८५२ मध्ये परतताना भर समुद्रात जहाजाला आग लागली. सोबतचे नमुने खाक झाले. १० दिवस होडीत काढल्यावर जीव वाचला.

दोन वर्षांच्या आत गडी पुन्हा निघाला, मलय बेटांकडे. तिथे १८५८ मध्ये तापात पडल्या पडल्या एक विचार सुचला. जीव पिल्लं भरपूर घालतात, पण सगळी जगत नाहीत. प्रत्येकात थोडा फरक असतो. ज्याचा फरक कामी येतो तो तगतो, त्याचीच पुढची पिढी वाढते. असे फरक साठत नवी जात तयार होते. एकच औषध सारखं फवारलं की अळी दाद देत नाही, तेही याच नियमाने.

वॉलेस यांनी हे लिहून चार्ल्स डार्विन यांना पाठवलं. डार्विन २० वर्षांपासून तेच मांडायच्या तयारीत होते! १ जुलै १८५८ रोजी लंडनमध्ये दोघांचं लिखाण एकत्र वाचलं गेलं. पुढच्या वर्षी डार्विन यांचं पुस्तक आलं आणि नाव त्यांचं झालं. वॉलेस यांनी भांडण केलं नाही. १८८९ मध्ये स्वतःच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिलं, ‘डार्विनिझम’. १९१३ मध्ये, ९०व्या वर्षी ते गेले.