कामगारांच्या वतीने एक प्रश्न

लोअर परळला उतरून जुन्या डिलाइल रोडला लागले, की दुकानांच्या पाट्यांवर ना. म. जोशी मार्ग हे नाव दिसू लागते. पत्त्यापुरते ते लाखो लोकांच्या तोंडी आहे. पण हे जोशी कोण, असे त्याच रस्त्यावर कोणाला विचारले तर कोणी प्राध्यापक म्हणेल, कोणी स्वातंत्र्यसैनिक म्हणेल. गिरण्यांचे भोंगे बंद पडले आणि गिरणी कामगारांसाठी हयात घालवणाऱ्या माणसाची ओळखही पुसट झाली. जोशींनी तुरुंगवासाचा विक्रम केला नाही, गाजलेली भाषणेही केली नाहीत. त्यांनी सरकारला प्रश्न विचारले. पाव शतकाच्या आसपास ते हेच करत राहिले.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. हे मुंबईचे उपनगर नव्हे, माणगावजवळचे गोरेगाव. पुण्याला शिक्षण, डेक्कन कॉलेजातून पदवी आणि मग काही वर्षे मास्तरकी. त्या काळच्या ब्राह्मण तरुणाच्या आयुष्याची ही ठरलेली वाट होती आणि तिच्या शेवटी पेन्शन होते. १९०९ मध्ये जोशींनी ती सोडली आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजात ते दाखल झाले. तिथे निर्वाहापुरते वेतन मिळे आणि आयुष्य समाजाच्या कामाला वाहून टाकावे लागे. दोनच वर्षांत, १९११ मध्ये, त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रीचे वर्ग, वाचनालये, सहकारी पतपेढ्या, दवाखाने अशी कामे लीगने गिरणगावात उभी केली. परळचे दामोदर हॉल लीगचेच. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी १९२४ मध्ये याच वास्तूत सुरू झाली. या दोन माणसांची गाठ पुढे दिल्लीत वेगळ्याच नात्याने पडायची होती.

चाळीतल्या कामाने जोशींना एक गोष्ट शिकवली असणार. कर्जात बुडालेल्या कामगाराला पतपेढी काढून दिली, तरी तो कर्जात का बुडतो हा प्रश्न गिरणीच्या आणि कायद्याच्या दारातच जाऊन थांबतो. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेला ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. १९२० मध्ये मुंबईत आयटकची स्थापना झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. आणि १९२१ मध्ये मॉन्टफर्ड सुधारणांनी दिल्लीत नवे मध्यवर्ती कायदेमंडळ आले, तेव्हा सरकारने कामगारांतर्फे त्यांची नेमणूक केली.

नेमणूक हा शब्द महत्त्वाचा. मताचा हक्क मालमत्तेवर आणि करावर ठरत होता, त्यामुळे खोलीत दहा-दहा माणसे राहणाऱ्या गिरणी कामगाराला मत कुठले असायला? त्याचा प्रतिनिधी निवडून येण्याची सोयच नव्हती. म्हणजे जोशींची जागा सरकारच्या मर्जीची, आणि त्या जागेवरून जाब विचारायचा तो सरकारलाच. असा माणूस एक तर होयबा होतो किंवा पुढच्या खेपेला वगळला जातो. जोशींचे या दोन्हींपैकी काहीच झाले नाही. सरकारने त्याच वर्षी देऊ केलेला सी.आय.ई.चा किताब त्यांनी नाकारला, आणि तरीही मुदतीमागून मुदत सरकार त्यांनाच नेमत राहिले.

कायदेमंडळाचे काम सुरू झाले, की पहिला तास प्रश्नांचा. प्रश्नाची लेखी नोटीस आधी द्यायची. तारांकित प्रश्नाला त्या खात्याच्या सभासदाने, आजच्या भाषेत मंत्र्याने, उभे राहून उत्तर द्यायचे आणि त्यावर सभागृहातल्या कोणालाही उपप्रश्न विचारता यायचा. तारा नसलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळे. ऐकायला साधी गोष्ट, पण त्या कायदेमंडळापाशी दुसरे होते तरी काय? सरकारचा ठरावावर पराभव झाला तरी सरकार पडत नसे. कायदा फेटाळला तरी व्हाइसरॉयला तो आपल्या अधिकारात अमलात आणता येई. प्रश्नाला मात्र काहीतरी उत्तर द्यावेच लागे. माहिती गोळा करत आहोत, हा विषय प्रांतांच्या कारभाराचा आहे, सरकार विचार करत आहे, अशी ती बहुधा ठरीव उत्तरे असत. पण तेवढेही छापून निघे. शिवाय माहिती गोळा करतो म्हटल्यावर कधीतरी ती करावी लागे, आणि खाणीत किती बाया उतरतात, रेल्वेचा माणूस किती तास राबतो, हे सरकारला प्रथमच मोजावे लागे. जोशींच्या कामाची गोम यात होती, असे मला वाटते. आधी प्रश्न, मग आकडे, मग ठराव आणि शेवटी कायद्याचा मसुदा, अशी ती लांबची चाल होती.

कायदेमंडळ सुरू होऊन महिना लोटतो न लोटतो तोच, १ मार्च १९२१ रोजी, त्यांनी कामगार संघटनांची नोंदणी आणि संरक्षण यांसाठी कायदा करावा असा ठराव मांडला. त्यामागे मद्रासचे प्रकरण होते. बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्यांच्या मालकांनी १९२० मध्ये तिथल्या संघटनेच्या पुढाऱ्यांविरुद्ध हायकोर्टातून मनाई हुकूम मिळवला होता. कामगारांना एकत्र यायला सांगणे हाच करारभंगाला चिथावणी देण्याचा गुन्हा ठरू लागला, तर संघटना बांधायची कशी? ट्रेड युनियन कायदा १९२६ मध्ये झाला, अमलात आला १९२७ मध्ये. म्हणजे ठरावापासून सहा वर्षे गेली. तोही जोशींना पुरेसा वाटला नाही, कारण संरक्षण फक्त नोंदलेल्या संघटनांना मिळाले.

पगाराचा किस्सा तर आणखी लांबलेला. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास होई. नव्याने लागलेल्या माणसाने सहा आठवडे खायचे काय? मग वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज. त्यात दंडाच्या नावाखाली कापाकापी. १९२५ मध्ये एका खासगी विधेयकामुळे हा विषय सभागृहापुढे आला, सरकारने आश्वासन दिले, १९२६ मध्ये प्रांतांकडे विचारणा केली आणि वेतन प्रदान कायदा झाला १९३६ मध्ये. ज्या घरात एक तारखेला पगार होतो, त्या घरात आज ही अकरा वर्षे कोणाच्या लक्षात नसतात.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा उपयोगही जोशींनी फार हुशारीने केला. तिथे झालेला करार प्रत्येक सभासद देशाने वर्ष-दीड वर्षात आपल्या कायदेमंडळापुढे मांडायचा, असा नियम होता. हिंदुस्थान सरकारला जिनिव्हात मानाने मिरवायचे होते, मग दिल्लीत त्याची किंमतही मोजणे आले. कामाच्या तासांचा करार हिंदुस्थानने १९२१ मध्ये मान्य केला आणि १९२२ च्या फॅक्टरी कायद्याने दिवसाला अकरा व आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. त्याआधी कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांचा असे.

बाळंतपणाच्या बाबतीत मात्र सरकार बधले नाही. वॉशिंग्टनला त्याचाही करार झाला होता. १९२४ मध्ये जोशींनी स्वतःच विधेयक आणले. बाळंत झालेल्या बाईला सहा आठवडे कामाला लावू नये आणि त्या काळात तिला भत्ता मिळावा, एवढेच मागणे. सभागृहाने ते फेटाळले. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये आपल्यापुरता कायदा केला, मध्य प्रांताने १९३० मध्ये, खाणीतल्या बायांसाठी केंद्राचा कायदा १९४१ मध्ये झाला.

या संथपणाचा कामगारांतल्याच अनेकांना उबग आला, आणि तो समजण्यासारखा आहे. १९२५ मध्ये मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात केली ती कायदेमंडळातल्या प्रश्नाने टळली नाही. संपाने टळली, आणि अबकारी कर उठल्यावर मालकांनी माघार घेतली. १९२६ मध्ये जोशींनी मुंबईत कापड कामगारांची युनियन काढली. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात ही युनियन लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनबरोबर एकाच संप समितीत होती, पण गिरणगावाची मने लाल बावट्याने जिंकली. १९२९ मध्ये व्हिटली कमिशन आले. आयटकच्या डाव्यांचा त्यावर बहिष्कार आणि जोशी कमिशनचे सभासद. नागपूरच्या अधिवेशनात फूट पडली आणि ज्या संघटनेचे ते चार वर्षे सरचिटणीस होते तीतून ते बाहेर पडले. सरकारधार्जिणे, मवाळ, सुधारक अशी शेलकी विशेषणे त्यांना मिळाली. अकरा वर्षांनी, १९४० मध्ये, दोन्ही बाजू पुन्हा एक झाल्या, तेव्हा सरचिटणीसपदासाठी नाव निघाले ते जोशींचेच. टीकाकारांनाही या माणसाच्या चोख व्यवहाराची खात्री होती.

१९४२ मध्ये डॉ. आंबेडकर मजूरमंत्री झाले. आता गिरणगाव दोन्ही बाजूंना होते: उत्तर देणारा परळच्या चाळीत राहिलेला आणि प्रश्न विचारणाराही परळचा. आंबेडकरांच्या त्या चार वर्षांच्या कामकाजाच्या नोंदी चाळल्या तर जोशींचे नाव पुनःपुन्हा भेटते. सर्वांत अवघड प्रसंग होता कोळशाच्या खाणींचा. बायकांनी भूगर्भात काम करण्यावर १९३७ पासून बंदी होती. तसा आंतरराष्ट्रीय करारही हिंदुस्थानने मान्य केला होता. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला आणि १९४३ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. फेब्रुवारी १९४४ मध्ये सभागृहात त्यावर खडाजंगी झाली. टीका करणाऱ्यांत जोशी होते. आंबेडकरांनी हे आणीबाणीपुरते असल्याचे सांगितले आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल याकडे बोट दाखवले. जोशींना ते पटणारे नव्हते. सोसणाऱ्या बाईला युद्धाची निकड सांगून काय उपयोग, आणि पुरुषांची मजुरी वाढवली असती तर माणसे का मिळाली नसती, ही कामगार बाजूची शंका रास्तच होती. एका मोठ्या माणसाला सरकारी बाकावरून अप्रिय निर्णयाचे समर्थन करावे लागावे आणि दुसऱ्याने आपुलकी बाजूला ठेवून त्याला जाब विचारावा, हे मला दोघांच्याही मोठेपणाचे लक्षण वाटते. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. त्याच वर्षी कामाचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला.

पहिल्या वेतन आयोगावरही जोशी होते. १९४८ मध्ये त्यांनी आयटकचे सरचिटणीसपद सोडले, आणि ३० मे १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९२४ मध्ये त्यांनी मागितलेला बाळंतपणाच्या लाभाचा कायदा साऱ्या देशासाठी झाला तो १९६१ मध्ये.